कुत्रा पाळणे आणि शब्द पाळणे

एरवी आठवड्याच्या अंकात या पानावर मी शब्दांच्या उचापती करीत असतो. दिवाळीला मात्र संपादक जागा दुप्पट देतात आणि ‘यंदा जरा घरगुती असू द्या’ अशी प्रेमळ सूचना करतात. यंदा मजजवळ घरगुती विषय आहे. त्याची जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची ३२ इंच आहे, वजन ५८ किलो आहे, आणि हे लिहीत असताना तो माझ्या दोन्ही पायांवर डोके ठेवून घोरत असल्यामुळे मला उठून शब्दकोश आणता येत नाही. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मी राहतो जिवतीला. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला माणिकगडचा पहाड आहे. गडचांदूर सोडून घाट चढून वर आले की आमचे गाव. पलीकडे तेलंगण. भाषेच्या अध्यापकाला याहून सुखाची जागा नाही. बाजाराच्या दिवशी एकाच कुत्र्याला कोणी मराठीत ‘हाड’ म्हणतो, कोणाला तो गोंडीत ‘नय’ असतो, तर कोणाला तेलुगूत ‘कुक्क’. शिवाय कोलामी आहे, बंजारा आहे, आणि आमच्यासारख्या मराठवाड्याहून आलेल्यांची मराठी आहे. कुत्र्याला सगळ्या समजतात. दगड उचललेला हात कोणत्याही भाषेत एकच असतो.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. पहाडाखालच्या एका कारखान्याच्या वसाहतीत तो रखवालदार आहे. म्हणाला, “सर, तुमच्याकडं अंगण आहे म्हणून फोन केला. इथं एक कुत्रं मरायला टेकलंय.”

हकीकत अशी होती. तिथल्या एका अधिकाऱ्याची बदली झाली. नव्या शहरातले घर चौथ्या मजल्यावर, आणि या कुत्र्याला उद्वाहकात उभे केले तर माणसाने जिन्याने जावे लागावे असा त्याचा आकार. साहेब रखवालदाराच्या हातावर काही नोटा ठेवून म्हणाले, ‘महिन्याभरात येऊन नेतो.’ त्याला तीन महिने झाले होते. नोटा पहिल्याच महिन्यात संपल्या. माझा विद्यार्थी स्वतःच्या डब्यातला निम्मा भात घालीत होता. त्याचा पगार मला ठाऊक आहे. त्यामुळे त्या निम्म्या डब्याची किंमतही कळली.

मी खाली गेलो. बंद घराच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या सावलीत, साखळीला बांधलेला एक प्राणी उभा होता. बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. साखळीने मानेला जखम झाली होती. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पत्र्याखालच्या दुपारचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि झाडावरचे पाखरूही चोच उघडून बसते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकणे हीच त्याची उष्णता घालवायची मुख्य रीत. हा धापा टाकून टाकून थकला होता. मला पाहून त्याने शेपूट एकदा हलवले, आणि तेवढ्या श्रमाने खाली बसला.

साहेबांना मी तिथूनच दूरध्वनी लावला. गृहस्थ वाईट नव्हता. आवाज खरोखर ओशाळलेला होता. म्हणाले, “सर, प्लीज, फक्त पंधरा दिवस सांभाळा, मी गाडी पाठवतो.” तो आमचा अखेरचा संवाद. पुढे तो क्रमांक लागेनासा झाला.

घरी येताना टेम्पोत मी मनाशी वाक्य जुळवीत होतो. दारातच सौ. उभी होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, गणित शिकवते. मी म्हणालो, “महिनाभराचाच प्रश्न आहे.” तिने टेम्पोत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. “महिना म्हणजे तीस दिवसांचा, की तुमच्या प्रबंधातला?” पीएच.डी.चा प्रबंध एका महिन्यात सादर करतो, असे मी तिला २०१४ सालापासून सांगत आलो आहे. मी गप्प बसलो. शब्द न पाळणाऱ्या साहेबांवर तोंडसुख घेण्याचा माझा अधिकार तिथेच संपला.

त्या प्राण्याची जात ग्रेट डेन. नावात डेन्मार्क असला तरी ही जात घडवली जर्मनांनी. ‘डॅनिश’ हे बिरुद फ्रेंचांकडून चिकटले आणि इंग्रजांनी पक्के केले. रानडुकराच्या शिकारीसाठी वाढवलेल्या कुत्र्यांचे हे वंशज, पण पिढ्यान्‌पिढ्या दिवाणखान्यात राहून स्वभावाने गाय झालेले. आमच्या वसाहतीतल्या मुलांनी त्याला वासरूच ठरवले. गावातली भटकी कुत्री त्याच्याभोवती रिंगण धरून भुंकू लागली, तेव्हा हा ५८ किलोंचा वीर (त्या वेळी ४४ किलोंचा) माझ्या सातवीतल्या मुलीच्या मागे जाऊन लपला.

साहेबांनी त्याचे नाव ठेवले होते सीझर. माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, ते उच्चारता येईना. दोन दिवस ‘शिजर, शिजर’ करून पाहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याचा शिदोजी केला. रोमचा सेनापती असा मराठवाड्याच्या पागेत दाखल झाला. कुत्र्याने तक्रार केली नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर बैल, म्हशी नि शेळ्यांत मुरलेले. त्यांनी शिदोजीला धान्याच्या काट्यावर उभे केले आणि मला बाकावर बसवून चार गोष्टी सांगितल्या. उपाशी राहिलेल्या जनावराला पहिल्या दिवशी पोटभर घालायचे नाही. थोडे थोडे, दिवसातून चारदा. पुढे तब्येत सुधारली तरी एकदम मोठे जेवण नाही, दोन-तीन वेळा विभागून. आणि जेवणानंतर तासभर धावपळ नाही. खोल छातीच्या या मोठ्या कुत्र्यांचे पोट वायूने फुगते, पीळ पडतो, आणि काही तासांत प्राण जातो. रेबीजची लस आज, आणि मग दरवर्षी. कांदा, लसूण, चॉकलेट, मनुका यांतले काही द्यायचे नाही. त्याला ते विष आहे. शेवटी म्हणाले, “आणि सर, एवढं मोठं कुत्रं फार जगत नाही. सात-आठ वर्षं, फार तर दहा. हा पाचेक वर्षांचा दिसतो.”

सौ.ने त्या रात्री वही काढली. ज्वारीच्या दहा-बारा भाकरी, अर्धा किलो कोंबडी, चार अंडी. डॉक्टर, औषधे, लस वेगळी. महिन्याला सहा हजारांच्या आसपास. “एका कुत्र्यावर,” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच कठीण होते. तिच्या वर्गात अशी मुले आहेत की शाळेतली खिचडी हे त्यांचे दिवसातले पहिले जेवण. ती घरी येऊन कुत्र्यासमोर अंडी कशी फोडणार? हा प्रश्न मला कोणत्याही पुस्तकात उत्तरासह सापडलेला नाही. मी एवढेच म्हटले, “कोणी दुसरे घर मिळते का पाहू.”

आम्ही पाहिले. चंद्रपूर, नागपूर, ओळखीपाळखीचे सगळे. छायाचित्र पाहून सगळे म्हणत, ‘काय रुबाबदार आहे हो!’ वजन सांगितले की रुबाब उतरे. एका परिचिताने विचारले, “राखण करतो का?” नाही. “शिकार?” छे. “पिले विकता येतील का?” नाही, डॉक्टरांनी ती शस्त्रक्रियाही सांगितली होती. “मग उपयोग काय?”

उपयोग काय, याचे उत्तर मला फार लांब सापडले. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली खाणीत एक थडगे निघाले. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्र्याचे पिलू. २०१८ साली संशोधकांनी त्या पिलाचे दात तपासून सांगितले की, सुमारे सात महिन्यांचे हे पिलू मरण्यापूर्वी बरेच आठवडे डिस्टेंपरने आजारी होते. हा असा आजार की कोणी ऊब दिल्यावाचून, भरवल्यावाचून, पुसल्यावाचून पिलू इतके दिवस तग धरीत नाही. म्हणजे हिमयुगातल्या, स्वतःच्याच पोटाची भ्रांत असलेल्या माणसांनी, ना शिकारीच्या ना राखणीच्या उपयोगाच्या एका पिलाची शुश्रूषा केली. आणि मग त्याला आपल्यासोबत पुरले. माणसाचे नि कुत्र्याचे नाते केवळ हिशेबाचे असते, तर तो सौदा तेव्हाच मोडला असता.

पण १४,००० वर्षांपूर्वीचा दाखला देऊन घरखर्च भागत नाही. निर्णय केला तो दादांनी.

मे महिन्यातली रात्र. आम्ही अंगणात बाजा टाकल्या होत्या. शिदोजीच्या अंगावर ओले गोणपाट. मी सौ.ला सांगत होतो की नागपूरला एका निवाऱ्यात विचारले आहे, तिथे जागा झाली की पाठवू. दादा झोपलेत असे आम्ही धरून चाललो होतो. ते उठून बसले.

“मास्तर,” ते म्हणाले. रागावले की ते मला मास्तर म्हणतात. “बहात्तर साली आपण इथं आलो, तवा आपल्याला कुणी इचारलं व्हतं का, किती जण हाव आन् किती खाता म्हणून?”

त्या दुष्काळाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. कंधार तालुक्यातले आमचे गाव. विहिरी आटल्या, खडी फोडायची कामे निघाली, सुकडी नि तांबड्या मिलोवर माणसे जगली. कित्येक कुटुंबे गाड्या जुंपून या पहाडाकडे निघाली. माझे आजोबा, आजी, सोळा वर्षांचे दादा आणि दोन आत्या, एक बैलगाडी. इथे एका गोंडाने आपल्या गोठ्याची निम्मी जागा दिली, पहिले चार महिने ज्वारी दिली. हेही सांगितले पाहिजे की पुढे आमच्यासारखे इतके आले की, ज्यांनी जागा दिली त्यांचीच जागा आकसत गेली. निवारा मागणारे आम्ही ते ऋण कितीसे आठवतो, हा प्रश्न पहाडावर अजून शिल्लक आहे.

पण त्या रात्री दादांनी जे सांगितले ते मी कधीच ऐकले नव्हते. “आपला एक कुत्रा व्हता,” ते म्हणाले. “कारवानी. उंच, बारीक कमरेचा. गाडीमागं निघाला. आबा म्हणले, माणसालाच न्हाई तर याला काय घालावं, पाठीव म्हागारी. मी हाकललं, त्यो जाईना. शिवंपातूर आला, वढ्यापातूर आला. मग मी धोंडा मारला. लागला त्याला. बसला खाली तिथंच. गाडी दिसंनाशी होईपातूर बगत व्हता.”

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने दादा म्हणाले, “त्यो काय घरी गेला नसंल. घरी व्हतंच कोण?” आणि आडवे झाले.

सकाळी सौ.ने मला न विचारता चार अंडी फोडली. नागपूरला मी पुन्हा विचारले नाही. तिने वहीत ‘शिदोजी’ असा नवा रकाना पाडला आणि त्याच्यासमोर ‘चहा, सिगरेट (यांची)’ असे लिहून वजाबाकी केली. तेव्हापासून माझी प्रकृती सुधारली आहे. आणि तिने आणखी एक रकाना पाडला: तिच्या वर्गातल्या मुलांसाठी दर शनिवारी उकडलेली अंडी. ‘कुत्र्याला देता येतात तर यांनाही देता आली पाहिजेत,’ एवढेच ती म्हणाली. माझ्या प्रश्नाला पुस्तकात नसलेले उत्तर ते हे असावे.

आता थोडे माझ्या धंद्यातले. मराठीने कुत्र्यावर फार अन्याय केला आहे. त्याचे शेपूट वाकडे, त्याला खीर मानवत नाही, आणि वाईट मरण म्हणजे कुत्र्याचे मरण. पण याच भाषेने एक क्रियापद असे दिले आहे की सगळे फिटावे. आपण कुत्रा ‘पाळतो’ आणि शब्दही ‘पाळतो’. वचन, पथ्य, व्रत नि जनावर, चारही पाळायची असतात. चारही पहिल्या दिवशी सोपी वाटतात. आणि कोणी पाहत नसताना ती पाळली जातात की नाही, यावरच सगळे अवलंबून असते.

महाभारतातल्या महाप्रस्थानिक पर्वात धर्मराज स्वर्गाच्या दाराशी अडून बसतो, ते याच क्रियापदासाठी. इंद्र म्हणतो, रथात ये, कुत्रा सोड. भाऊ गेले, द्रौपदी गेली, त्यांच्यासाठी तो थांबला नव्हता. गेलेल्यांना आणता येत नाही. पण जिवंत, सोबत आलेल्याला सोडणे हे पाप, असा त्याचा मुद्दा. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आमट्यांना शिकारीहून परतणारे आदिवासी भेटले. खांद्यावर मेलेली माकडीण, तिला बिलगलेले जिवंत पिलू. डॉक्टरांनी ते मागून घेतले, आणि त्यातून तिथले प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. शिकार करणाराही पोटासाठीच करीत होता. त्याला शहाणपण शिकवण्याआधी त्याच्या पोटाची सोय पाहावी लागते, हे त्या माणसाने ओळखले होते. आमच्या सौ.च्या वहीतले दोन रकाने मला त्याच जातीचे वाटतात.

कायद्याचे म्हणाल तर १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळलेले जनावर हाल होतील अशा रीतीने सोडून देणे हा गुन्हाच आहे. पहिल्या अपराधाला दंड १० ते ५० रुपये. ५८ किलोंच्या विश्वासघाताला आपल्याकडे इतकी सवलत आहे. तेव्हा कायद्याच्या भरवशावर राहू नये.

गेल्या दिवाळीची एक गोष्ट सांगून थांबतो. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा किती तीक्ष्ण असतात हे मी वाचले होते, पण त्याचा अर्थ लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळला. पहिली माळ वाजली आणि शिदोजी बाजेखाली शिरला. म्हणजे डोके शिरले, बाकीचा सगळा बाहेर. दुसऱ्या माळेला त्याने मागचे दार उखडले आणि अंधारात गेला.

पहाडावर बिबट्या आहे. आणि बिबट्याला कुत्रा किती आवडतो याची मोजदाद झालेली आहे. नगरकडच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी पाहिले, तेव्हा बिबट्याच्या आहारात वजनाच्या मानाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचाच निघाला. हे आकडे माहीत नसते तर ती रात्र थोडी बरी गेली असती. विजेऱ्या घेऊन मी, माझा तो रखवालदार विद्यार्थी आणि, नको नको म्हणत असताना, सत्तरीचे दादा निघालो. दादा ओढ्याच्या काठाने हाका मारीत होते. ‘शिदोजी’ म्हणत होते, पण मला मधूनच वाटे, ते पन्नास वर्षांपूर्वीच्याच कोणाला तरी बोलावीत आहेत.

पहाटे तो सापडला, तीनेक किलोमीटरवरच्या एका कोलामगुड्यात. तिथे फटाके नव्हते. एका म्हातारीच्या ओसरीवर तो अंगाची घडी करून बसला होता. समोर ॲल्युमिनियमच्या थाळीत आंबील. तळाशी थोडी उरलेली. म्हातारीच्या घरात आणखी धान्य किती असेल, ते मी विचारले नाही. मी दोरी पुढे केली, तशी ती म्हणाली, “भेला हाये जी तो. बसू द्या थोडा.”

आम्ही सगळेच बसलो. कोणाचा कुत्रा, कोठून आला, किती खातो, काहीएक न विचारता तिने त्याला ओसरी दिली होती. दादा माझ्याकडे पाहत होते. त्यांनी ‘बघ’ असे म्हटले नाही. म्हणायची गरज नव्हती.

ज्यांच्या मनात मोठा कुत्रा आणायचे असेल त्यांना माझे एवढेच सांगणे. विकत घेण्यापूर्वी, ज्याला कोणी टाकले आहे असा एखादा आहे का ते पाहा. आणि आणण्यापूर्वी घरातल्या गणिताच्या शिक्षकाला विचारा. जागा, खर्च, उन्हाळा, बदली, आजारपण, सगळे मांडून बघा. जमत नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. ते प्रामाणिक आहे. पण हो म्हटलेत, तर तो शब्द त्याच्या आयुष्याइतका लांब आहे. सुदैवाने किंवा दुर्दैवाने, ते आयुष्य फार लांब नसते.

नेपाळात नरक चतुर्दशीच्या दिवशी ‘कुकुर तिहार’ असतो. त्या दिवशी कुत्र्याला टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, गोडधोड देतात. मुलीने ही बातमी घरात आणली आहे, आणि यंदा आमच्याकडे अभ्यंगस्नानानंतर तो सोहळा व्हायचा आहे. माळ बरीच मोठी लागेल. रात्री दारे-खिडक्या लावून आम्ही पाचही जण आतल्या खोलीत बसणार आहोत. शेजाऱ्यांनी आपण होऊन सांगितले आहे की, फटाके गावाबाहेरच्या माळावर उडवू.

दादांनी टिळा आपण लावणार म्हणून सांगून ठेवले आहे.

प्रबंध मात्र अजून व्हायचा आहे. पुढच्या महिन्यात नक्की.